बेपत्ता बालकांचा शोध आणि साक्षीदारांची गोपनीयता

बेपत्ता बालकांचा शोध आणि साक्षीदारांची गोपनीयता हा फौजदारी तपास, बालहक्क आणि खासगीपणाचा मूलभूत हक्क या तिन्हींशी संबंधित विषय आहे. मूल हरवल्यावर ते शेवटचे कोणी पाहिले, कोणाबरोबर पाहिले आणि कोठे पाहिले, हे जाणून घेण्याचा कुटुंबाचा आग्रह स्वाभाविक असतो. ही माहिती देणाऱ्या व्यक्तीचे नाव उघड झाल्यास मात्र तिच्या जीविताला, उपजीविकेला किंवा गावातील स्थानाला धोका संभवतो, आणि त्या भीतीपोटी ती गप्प राहिली तर शोधच थांबतो. भारतीय कायद्यात या दोन्ही बाजूंसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत; त्यांचा मेळ घालण्याचे काम प्रामुख्याने तपास अधिकारी, बालकल्याण समिती आणि न्यायालय यांच्यावर येते. महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत विरळ वस्ती, भाषाभेद, राज्यसीमा आणि दीर्घकाळचा सशस्त्र संघर्ष यांमुळे हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा बनतो.

## संज्ञा

'बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी दिलेल्या आदेशानुसार, अठरा वर्षांखालील ज्या व्यक्तीचा ठावठिकाणा तिच्या आईवडिलांना किंवा पालकांना माहीत नाही ती 'बेपत्ता बालक' ठरते. बेपत्ता होण्याचे कारण काहीही असो, मूल सापडेपर्यंत किंवा त्याच्या सुरक्षिततेची खात्री होईपर्यंत ते काळजी व संरक्षणाची गरज असलेले मानले जाते.

प्रस्तुत संदर्भात 'साक्षीदार' ही संज्ञा न्यायालयात साक्ष देणाऱ्या व्यक्तीपुरती मर्यादित नाही. पोलिसांना जबाब देणारा ग्रामस्थ, हेल्पलाइनवर निनावी माहिती देणारा प्रवासी, बेपत्ता मुलाचा वर्गमित्र किंवा भावंड, तसेच स्वतः त्याच टोळीच्या तावडीतून सुटलेले दुसरे मूल, या सर्वांचा त्यात समावेश होतो.

## कुटुंबाचे हक्क

गुन्हा नोंदणी. पूर्वी मूल हरवल्याची तक्रार आल्यास पोलीस ठाण्यात केवळ 'मिसिंग'ची नोंद घेतली जात असे आणि मूल आपोआप परत येईल या अपेक्षेने तपास रेंगाळत असे. २०१३ च्या उपरोक्त आदेशानंतर अशा प्रत्येक तक्रारीवर अपहरण किंवा मानवी वाहतूक झाल्याचे गृहीत धरून प्रथम खबर अहवाल नोंदवणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी १२ नोव्हेंबर रोजी 'ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश शासन' या खटल्यात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच नोंद करणे अनिवार्य ठरवले. हा खटलाही एका अल्पवयीन मुलीच्या अपहरणाच्या तक्रारीतूनच उभा राहिला होता. १ जुलै २०२४ पासून अपहरणाचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ खाली नोंदवला जातो. त्यापूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ३६३ खाली येत असे.

तपासाची माहिती. फिर्यादीला प्रथम खबर अहवालाची प्रत विनामूल्य मिळते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३(३) नुसार तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडित व्यक्तीला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. 'पीडित' या संज्ञेत पालकांचाही समावेश होतो. प्रगती कळवणे म्हणजे जबाब देणाऱ्यांची नावे कळवणे नव्हे. कोणत्या दिशेने शोध झाला, कोणत्या जिल्ह्यांशी वा राज्यांशी संपर्क साधला आणि पुढे काय करण्यात येणार आहे, हे साक्षीदाराची ओळख न सांगताही सांगता येते.

तपासाचे हस्तांतरण. बाल न्याय आदर्श नियम, २०१६ मधील नियम ९२ नुसार मूल चार महिन्यांत न सापडल्यास तपास मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे सोपवला जातो आणि त्या कक्षाने दर तीन महिन्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला अहवाल द्यावयाचा असतो.

न्यायालयीन उपाय. तपास असमाधानकारक वाटल्यास कुटुंबाला संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली बंदीप्रत्यक्षीकरण याचिका दाखल करता येते. चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. अशा याचिकेत तपासाची कागदपत्रे न्यायाधीशांना मोहोरबंद पाकिटात दाखवण्याचा मार्ग उपलब्ध असतो. त्यामुळे तपासाची छाननी होते आणि साक्षीदारांची नावेही जाहीर होत नाहीत.

## साक्षीदारांचे संरक्षण

### माहिती देणाऱ्याची ओळख

भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम १३१ नुसार गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(छ) खाली, ज्या माहितीमुळे एखाद्याच्या जीवितास धोका पोहोचेल किंवा विश्वासाने दिलेल्या माहितीचा स्रोत उघड होईल ती माहिती नाकारता येते. कलम ८(१)(ज) खाली तपासात अडथळा आणणारी माहिती वगळली जाते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला.

हे संरक्षण निरपवाद नाही. खटला उभा राहिल्यावर, ज्याच्या साक्षीवर दोषसिद्धी अवलंबून आहे त्याची उलटतपासणी घेण्याचा आरोपीला हक्क असतो. म्हणून शोधाच्या टप्प्यावर दिलेली खबर आणि न्यायालयातील साक्ष यांत फरक केला जातो. मूल कोठे आहे हे सांगणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक वेळी साक्षीदार करावे लागतेच असे नाही. खबरीवरून मूल सापडले आणि गुन्हा स्वतंत्र पुराव्याने सिद्ध होत असेल, तर खबर देणारा पडद्याआड राहू शकतो.

### साक्षीदार संरक्षण योजना

'महेंदर चावला विरुद्ध भारत सरकार' या खटल्यात ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ ला मान्यता दिली आणि कायदा होईपर्यंत ती देशभर लागू केली. योजनेनुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली स्थायी समिती असते. जिल्ह्याचे पोलीस प्रमुख तिचे सदस्य आणि अभियोग विभागाचे प्रमुख सदस्य-सचिव असतात. पोलीस उपविभागाचा प्रभारी अधिकारी धोक्याचे विश्लेषण करणारा गोपनीय अहवाल सादर करतो आणि धोक्याची 'अ', 'ब' किंवा 'क' अशी वर्गवारी होते. संरक्षणाच्या उपायांत दूरध्वनी क्रमांक बदलणे, घराजवळ गस्त, तात्पुरते स्थलांतर, बंद दालनातील सुनावणी आणि अपवादात्मक परिस्थितीत ओळख बदलणे यांचा समावेश आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने प्रत्येक राज्याला अशी योजना तयार करणे बंधनकारक केले आहे.

### बालसाक्षीदार

बेपत्ता मुलाला शेवटचे पाहणारे बहुधा दुसरे मूलच असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या बालकाचे नाव, पत्ता, शाळा अथवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघनासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पंधरा वर्षांखालील मुलाला जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. त्याच्या राहत्या ठिकाणी जाऊनच जबाब घ्यावा लागतो.

साक्षीसाठी भयमुक्त वातावरण असावे, या हेतूने 'महाराष्ट्र शासन विरुद्ध बंडू ऊर्फ दौलत' या खटल्यात २४ ऑक्टोबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असुरक्षित साक्षीदारांसाठी विशेष साक्ष केंद्रे उभारण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्रातूनच आलेल्या दुसऱ्या एका प्रकरणात ११ जानेवारी २०२२ रोजी अशी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात स्थापण्याचा आदेश झाला.

## चंद्रपूर आणि गडचिरोलीतील परिस्थिती

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. गडचिरोलीच्या सुमारे १४,४०० चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी बहुतांश भाग वनाच्छादित आहे. या जिल्ह्याला छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमा भिडतात. चंद्रपूरची दक्षिण सीमाही तेलंगणाला लागून आहे.

लहान गावे. अनेक पाडे-टोल्यांत मोजकीच घरे असतात. तेथे नाव वगळणे म्हणजे ओळख लपवणे ठरत नाही. 'मोहफुले वेचायला गेलेल्या एका महिलेने मुलाला पाहिले' एवढे वाक्यही त्या दिवशी रानात कोण गेले होते हे जाणणाऱ्या गावाला पुरेसे असते. पोलिसांची गाडी कोणाच्या अंगणात थांबली, यावरूनही साक्षीदार ओळखला जातो. त्यामुळे शहरातील तपासात पुरेशी ठरणारी गोपनीयतेची पद्धत येथे अपुरी पडते.

साक्षीदाराची स्वतःची भीती. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात लागू होती. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पासारख्या संरक्षित क्षेत्रात परवानगीविना प्रवेश करणे हा गुन्हा आहे. मोहाची दारू नेताना किंवा प्रतिबंधित वनात शिरले असताना एखाद्याने मूल पाहिले असल्यास, ते सांगणे म्हणजे स्वतःवर गुन्हा ओढवून घेणे, असे त्याला वाटते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० नुसार पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे देणे बंधनकारक असले, तरी स्वतःवर फौजदारी आरोप येऊ शकेल अशा प्रश्नाचे उत्तर नाकारता येते. 'कोठे आणि केव्हा पाहिले' एवढेच विचारणे आणि 'तेथे का गेला होता' हा प्रश्न बाजूला ठेवणे, हा या तरतुदीशी सुसंगत मार्ग आहे.

भाषा. गोंडी, माडिया, तेलुगू, छत्तीसगडी आणि बंगाली या भाषा जिल्ह्यांच्या वेगवेगळ्या भागांत बोलल्या जातात. जबाब मराठीत लिहिला जात असल्याने दुभाष्याची गरज भासते. दुभाषी त्याच गावचा किंवा नात्यातला असेल तर गोपनीयता तेथेच संपते. बाहेरचा असेल तर बोलीतील बारकावे हुकण्याची शक्यता असते. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ (पॉक्सो) मध्ये दुभाष्याची मदत घेण्याची तरतूद आहे.

स्थलांतर. मिरची तोडणीच्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांतील मजूर तेलंगणात जातात आणि अनेकदा मुलेही सोबत असतात. मूल कामावर गेले, पळून गेले की नेले गेले, हे ठरवण्यासाठी मुकादम व सोबतच्या मजुरांची माहिती निर्णायक असते. परंतु पुढील हंगामाची मजुरी त्याच मुकादमावर अवलंबून असल्याने मजूर बोलण्यास कचरतात. दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरील बल्लारशाह स्थानकामुळे मूल काही तासांत राज्याबाहेर जाऊ शकते.

सशस्त्र संघर्ष. १९८० च्या दशकापासून गडचिरोलीत माओवादी चळवळीचा प्रभाव राहिला. पोलिसांचे खबरे असल्याच्या संशयावरून माओवाद्यांनी अनेक ग्रामस्थांची हत्या केली. अशा प्रदेशात पोलीस मदत केंद्रात जाणे हीच धोक्याची बाब ठरते. उलट मूल जंगलात गेल्याचे सांगणाऱ्या कुटुंबाकडे सुरक्षा यंत्रणा संशयाने पाहण्याची शक्यता असते.

## उल्लेखनीय प्रकरणे

### गट्टेपल्ली, २०१८

२२ एप्रिल २०१८ रोजी भामरागड-एटापल्ली परिसरातील बोरिया-कसनासूर जंगलात गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकाच्या कारवाईत मोठ्या संख्येने माओवादी मारले गेल्याचे जाहीर झाले. पुढील दिवसांत इंद्रावती नदीतून आणखी मृतदेह मिळाले. त्यानंतर एटापल्ली तालुक्यातील गट्टेपल्ली येथील कुटुंबांनी आपल्या गावातील आठ तरुण-तरुणी बेपत्ता असल्याचे सांगून त्यांचा शोध सुरू केला. त्यांत काही अल्पवयीन असल्याचे आणि ते लग्नासाठी गेले असल्याचे कुटुंबीयांचे म्हणणे होते. ते माओवाद्यांच्या दलात नव्याने दाखल झाले होते, असे पोलिसांचे म्हणणे होते. दोन परस्परविरोधी कथनांमध्ये 'त्यांना शेवटचे कोणी पाहिले' हा साधा प्रश्नही साक्षीदारासाठी बाजू घेण्यासारखा ठरला. संघर्षक्षेत्रातील बेपत्ता बालकांच्या प्रकरणांत पोलिसांपेक्षा स्वतंत्र यंत्रणेसमोर जबाब देण्याची सोय का आवश्यक असते, हे या प्रकरणातून स्पष्ट होते.

### राजुरा, २०१९

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे एका खासगी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी विद्यार्थिनींवर लैंगिक अत्याचार झाल्याचे प्रकरण एप्रिल २०१९ मध्ये उघडकीस आले. हे बेपत्ता बालकांचे प्रकरण नसले, तरी वसतिगृह, इयत्ता आणि मूळ गाव यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या की विद्यार्थिनीची ओळख पटते, ही अडचण त्यातून ठळकपणे दिसते. घरापासून दूर आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात राहणारे मूल बेपत्ता झाल्यास त्याच्या सहनिवासी साक्षीदारांबाबतही हाच धोका असतो.

### कोल्हापूर बालहत्याकांड

१९९० ते १९९६ या काळात पश्चिम महाराष्ट्रात अनेक बालकांचे अपहरण आणि हत्या केल्याच्या प्रकरणात रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींना २००१ मध्ये फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावरील विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२२ रोजी ती जन्मठेपेत परिवर्तित केली. या खटल्यात रेणुका शिंदेचा पती माफीचा साक्षीदार झाला. हरवलेल्या मुलांचे काय झाले हे कुटुंबांना कळण्यासाठी प्रसंगी गुन्ह्याच्या वर्तुळातील व्यक्तीलाच अभय द्यावे लागते, याचे हे उदाहरण आहे.

### 'मुलगी क्रमांक १६६'

मुंबईतील डी. एन. नगर पोलीस ठाण्याच्या हद्दीतून बेपत्ता झालेल्या मुलींचा सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले हे शोध घेत होते. १६६ पैकी १६५ मुली सापडल्या. जानेवारी २०१३ मध्ये बेपत्ता झालेली शेवटची मुलगी ऑगस्ट २०२२ मध्ये, भोसले यांच्या निवृत्तीनंतर, सापडली. ती जेथे काम करत होती तेथील एका परिचित स्त्रीच्या मदतीने आंतरजालावर जुने शोधपत्रक मिळाले. त्यावरील बहुतेक दूरध्वनी क्रमांक बंद झाले होते, परंतु एका शेजाऱ्याचा क्रमांक चालू होता. ज्या प्रसिद्धीमुळे ती घरी परतली, तीच प्रसिद्धी ती सापडल्यानंतर कलम ७४ च्या कक्षेत येते. शोधाच्या काळात नाव व छायाचित्र जितके पसरेल तितके हिताचे असते; मूल सापडताच ते मागे घेणे हिताचे ठरते. आंतरजालावर असे मागे घेणे प्रत्यक्षात अवघड असते.

## समतोल साधण्याच्या पद्धती

प्रचलित कायद्याच्या चौकटीत पुढील उपायांचा अवलंब करता येतो:

* शोधपत्रकात मुलाचे वर्णन, साक्षीदाराचे नाही. छायाचित्र, वय, उंची, पोशाख, बोली आणि शेवटचे ठिकाण द्यावे. 'अमुक व्यक्तीने पाहिले' असा उल्लेख टाळावा. संपर्कासाठी कुटुंबाच्या खासगी क्रमांकाबरोबर पोलीस ठाणे, १०९८ किंवा ११२ हे कायम राहणारे क्रमांक असावेत.
* तटस्थ ठिकाणी जबाब. आठवडी बाजार, आरोग्य केंद्र किंवा ग्रामपंचायत कार्यालय अशा ठिकाणी, साध्या वेशात आणि एकाच दिवशी अनेक घरांची विचारपूस केल्यास नेमके कोण बोलले हे लक्षात येत नाही.
* दंडाधिकाऱ्यांसमोर जबाब. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवलेला जबाब पुढे दबाव आला तरी अभिलेखात राहतो.
* प्रथम खबर अहवालाचे प्रकाशन. ७ सप्टेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार असे अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकावयाचे असतात. दुर्गम भागासाठी ही मुदत ७२ तासांपर्यंत वाढू शकते. लैंगिक गुन्हे, पॉक्सो आणि बंडखोरीशी संबंधित प्रकरणे यांतून वगळली आहेत.
* आरोपपत्रातील वगळणूक. जबाबाचा एखादा भाग आरोपीला देणे न्यायासाठी आवश्यक नसेल आणि सार्वजनिक हिताला बाधक असेल, तर तो वगळण्याची विनंती तपास अधिकारी न्यायालयाला करू शकतो.
* कुटुंबासाठी एकच संपर्क अधिकारी. ठरावीक अंतराने माहिती मिळत राहिल्यास कुटुंब स्वतः साक्षीदारांच्या घरी जाऊन विचारणा करण्याची शक्यता कमी होते. पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका आणि ग्राम बाल संरक्षण समिती यांची मदत होऊ शकते, मात्र साक्षीदारांची नावे त्यांच्यापर्यंत पोहोचणे आवश्यक नसते.

## मतभेद

गोपनीयतेच्या तरतुदी निष्क्रिय तपासाची ढाल बनू शकतात, हा मुख्य आक्षेप आहे. 'तपास गोपनीय आहे' एवढ्या उत्तरावर बोळवण झालेल्या कुटुंबाला तपास सुरू आहे की थांबला आहे, हेच कळत नाही. उलट बाजूने असे मांडले जाते की, साक्षीदाराचे नाव कुटुंबाला कळल्यास संताप, संशय किंवा जमावाच्या दबावाला तो बळी पडतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांची हत्या केली होती. साक्षीदार आणि संशयित यांतील रेषा अफवेच्या काळात किती सहज पुसली जाते, हे त्या घटनेने दाखवले.

दुसरा मतभेद कुटुंबच संशयाच्या कक्षेत असण्याविषयी आहे. बालविवाह, घरातील हिंसा किंवा स्वेच्छेने घर सोडणे ही बेपत्ता होण्याची कारणे असल्यास मुलाला मदत करणाऱ्या मैत्रिणीचे किंवा शिक्षिकेचे नाव पालकांना सांगणे हितावह ठरत नाही. अशा वेळी मूल सुखरूप असल्याचे पालकांना कळवून ठावठिकाणा तात्पुरता गोपनीय ठेवण्याचा निर्णय बालकल्याण समिती बालकाचे सर्वोत्तम हित पाहून घेऊ शकते.

## आंतरराष्ट्रीय संदर्भ

बालहक्क संहितेच्या (१९८९) अनुच्छेद १६ मध्ये बालकाच्या खासगीपणाचा हक्क मान्य केला आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. सक्तीने बेपत्ता केल्या जाण्यापासून संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात (२००६) कुटुंबाचा सत्य जाणण्याचा हक्क आणि तक्रारदार व साक्षीदारांचे संरक्षण ही दोन्ही तत्त्वे एकत्र आढळतात. भारताने २००७ मध्ये त्यावर स्वाक्षरी केली, परंतु अनुसमर्थन केलेले नाही.

कोलंबियात २०१६ च्या शांतता करारानंतर बेपत्ता व्यक्तींच्या शोधासाठी स्वतंत्र मानवतावादी संस्था स्थापन झाली. तिला मिळालेली माहिती गोपनीय राहते आणि माहिती देणाऱ्याविरुद्ध न्यायालयात पुरावा म्हणून वापरली जात नाही. शिक्षा देण्याचे काम आणि शोधण्याचे काम यांची अशी फारकत केल्याने बोलण्याची भीती कमी होते. भारतात अशी स्वतंत्र यंत्रणा नाही. येथे शोध हा गुन्ह्याच्या तपासाचाच भाग असतो, आणि म्हणून साक्षीदाराचा विश्वास टिकवण्याची जबाबदारी तपास यंत्रणेवरच राहते.

## हेही पहा

* बाल न्याय अधिनियम, २०१५
* साक्षीदार संरक्षण योजना, २०१८
* मानवी वाहतूक
* गडचिरोली जिल्हा
* चंद्रपूर जिल्हा